दाताच्या डॉक्टरांची भीती येते कुठून?

न्हावऱ्याहून शिरूरला किंवा पाटसहून दौंडला पाच वर्षांचे मूल आईबरोबर एस.टी.ने दातांच्या दवाखान्यात येते. रात्रभर दाढ ठणकली आहे, झोप नाही. खुर्ची मागे कलते, दिव्याचा झोत येतो, मुखपट्टी बांधलेला अनोळखी माणूस वाकतो आणि मूल तोंड घट्ट मिटून घेते. ‘हट्टी आहे’ म्हणून आपण मोकळे होतो. पण त्याच वयाचे दुसरे मूल त्याच खुर्चीत शांत बसते. असे का?

फ्रँकल आणि सहकाऱ्यांनी 1962 मध्ये या वागण्याची चार पायऱ्यांची मोजपट्टी मांडली. तिच्या एका टोकाला ठाम नकार, तर दुसऱ्या टोकाला आनंदाने सहकार्य. मूल कोणत्या पायरीवर असेल, हे अनेक गोष्टींवर ठरते.

पहिली गोष्ट वय. तीन वर्षांखालच्या मुलाला आईपासून दूर होणेच नको असते आणि समजावलेले फारसे कळत नाही. दुसरी, आधीचा अनुभव. सुई टोचल्याची आठवण प्रत्येक डॉक्टरला चिकटते. तिसरी, मोठ्यांची भीती. आईचा चेहरा धास्तावलेला असेल तर मूल तेच शिकते. ‘मुळीच दुखणार नाही हं’ या वाक्यातूनही त्याला ‘दुखणे’ एवढेच ऐकू येते. भूक आणि जागरण यांची त्यात भर पडते.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, ती म्हणजे वेदना. घाबरल्यावर स्नायू ताणले जातात, सारे लक्ष दाताकडे लागते आणि तेच दुखणे अधिक जाणवते. म्हणून पहिली भेट दाढ ठणकत असताना झाली, तर पुढच्या भेटीचीही धास्ती बसते.

या टाळाटाळीची किंमत मोठी आहे. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दातांमागे पहिली कायमची दाढ येते. तिच्यासाठी कोणताही दात पडत नाही, त्यामुळे तीही दुधाचीच समजून दुर्लक्षित राहते. साखर असो वा गुऱ्हाळातला ताजा गूळ, तोंडातले जंतू त्यापासून आम्ल बनवतात आणि दाढ किडते. ती गेली, तर पुन्हा येत नाही.

उपाय साधा आहे. ॲडलस्टन यांनी 1959 मध्ये सुचवलेली ‘सांगा, दाखवा, करा’ ही रीत आजही वापरतात. आधी मुलाच्या भाषेत सांगायचे, मग आरसा त्याच्या हातात द्यायचा, त्यानंतरच दाताला लावायचा. ‘थांबावेसे वाटले तर हात वर कर’ असेही सांगावे. आपल्या हाती काही आहे, या जाणिवेने धीर येतो.

हे वर्गातही करता येईल. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 मध्ये सुरू झाला. त्यातील शालेय तपासणीत दातही पाहिले जातात. तपासणीच्या आदल्या दिवशी मुलांना आरशात स्वतःचे दात मोजायला सांगा, ‘डॉक्टर-डॉक्टर’ खेळू द्या. आणि एक धमकी कायमची सोडून द्या: ‘ऐकले नाहीस तर डॉक्टरांकडून सुई टोचवीन!’