कोंबड्यांच्या कुळाचे दप्तर

झापाखाली झाकलेल्या गावठी कोंबडीच्या कुळाचा शोध प्रथम तिच्या तुऱ्यावरूनच सुरू झाला. १९०२ साली जीवशास्त्रज्ञ विल्यम बेटसन यांनी केंब्रिज येथे कोंबड्यांच्या तुऱ्यांचे वाण पिढ्यान्‌पिढ्या तपासून मेंडेलचे आनुवंशिकतेचे नियम प्राण्यांसही लागू पडतात हे सिद्ध केले. परंतु तुरा, पिसे, पायांच्या नळ्यांचा वर्ण ही डोळ्यांस दिसणारी लक्षणे मोजकी, आणि पाळणाऱ्याच्या आवडीनुसार सहज पालटणारी, म्हणून केवळ त्यांवरून जातीजातींचे आप्तसंबंध ठरविणे म्हणजे पागोट्यावरून माणसाचा वंश ओळखण्यासारखे होते. पुढे रक्तगट आले, मग विद्युत्प्रवाहाने पृथक् करता येणारी प्रथिने आली. पण त्यांतही भेद थोडेच सापडत.

खरी मजल मारली ती १९८९ च्या सुमारास हाती आलेल्या मायक्रोसॅटेलाइट खुणांनी. डीएनएच्या धाग्यावर काही ठिकाणी दोन-चार अक्षरांचा एकच गट पुनःपुन्हा येतो, त्या आवर्तनांची संख्या पक्ष्यापक्ष्यांत भिन्न असते, आणि पिल्लास तिचा एक हिस्सा आईकडून तर दुसरा बापाकडून मिळतो. तेव्हा पंखाखालच्या शिरेतील थोडक्या रक्तावरून कळपातील विविधतेची खानेसुमारी करता येते, आणि दोन्ही हिस्से भिन्न असलेले पक्षी अपेक्षेहून कमी भरले, तर आप्तांतच पैदास चालल्याची शंका घेता येते. अशा ३० खुणांची यादी जागतिक अन्न व कृषी संघटनेने शिफारशीत घातल्यामुळे झाबुआचा कडकनाथ, आंध्रचा असील आणि निकोबार बेटांवरील निकोबारी यांना एकच माप लावणे शक्य झाले.

२००४ मध्ये तांबड्या रानकोंबडीचा, सुमारे एक अब्ज अक्षरांचा, जनुकसंच वाचून झाला, आणि २००८ हे वर्ष तर मला या सर्व इतिहासात अत्यंत मोलाचे वाटते. सर्व पाळीव कोंबड्या एकट्या तांबड्या रानकोंबडीपासून झाल्या, हे डार्विनचे मत त्या वर्षी एका बाबतीत दुरुस्त करावे लागले: पिवळ्या कातडीचे जनुक बहुधा करड्या रानकोंबड्याकडून आलेले निघाले, आणि हा पक्षी म्हणजे आपल्या सह्याद्रीच्या झाडीत पहाटे आरवणाराच! त्याच वर्षी हेही उघड झाले की, व्यापारी पैदाशीच्या शुद्ध वाणांतून मूळ जातींमधील निम्मी किंवा त्याहूनही अधिक जनुकीय विविधता नाहीशी झाली आहे.

ती गेलेली विविधता जेथे अद्याप शिल्लक असण्याचा संभव आहे, ती जागा म्हणजे परसातली खुराडी. गुजरातेस लागून असलेल्या आपल्या मुलखातील बुसरा ही जात कर्नालच्या राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन ब्यूरोच्या नोंदीत रीतसर दाखल आहे; परंतु नोंद ही नावाची असते, आणि सुधारित वाणांची पिल्ले परसात वाटली गेली की गावच्या कोंबड्यांत त्यांचे रक्त बिनबोभाट मिसळते. म्हणून अशा पिल्लांच्या वाटपाचा हुकूम निघण्यापूर्वीच, ती जेथे वाटायची त्या गावांतील कोंबड्यांचे रक्त घेऊन ठेवावे, आणि ज्यांच्या कोंबड्या त्या बायांस ते कशासाठी घेतले हे त्यांच्या बोलीत समजावून सांगावे, असे मला कळकळीने वाटते.