सुरीची धार वेगळी, कोयत्याची वेगळी

लोणच्याचा हंगाम तोंडावर आलाय. मीठ, तेल, बरण्या यांची यादी गटागटांत झाली असेल. त्या यादीत आणखी एक ओळ घाला: धार.

बोथट पात्याने बोट कापत नाही असं पुष्कळ जणींना वाटतं. उलट आहे. बोथट पात्यावर जोर द्यावा लागतो, जोराने ते कैरीच्या सालीवरून सटकतं आणि बोटावर येतं. गेल्या वर्षी आमच्या गटातल्या एका ताईंच्या अंगठ्याला टाके पडले, आठ दिवसांची मजुरी गेली.

पण धार लावायची म्हणजे नुसतं दगडावर घासायचं नाही. पातं किती तिरपं धरता त्यावर सगळं आहे. धार म्हणजे लाकूड फोडायची पाचरच समजा. निमुळती पाचर पटकन शिरते, पण तिचं टोक नाजूक. रुंद पाचरीला जोर लागतो, पण ती मार सोसते. म्हणून भाजीच्या सुरीला दोन्ही बाजूंनी 15 ते 20 अंश, आणि घाव घालायच्या कोयत्याला 25 ते 30 अंश. सुरीसारखी पातळ धार कोयत्याला लावली, तर कडक कोयीवर दोन घावांत खांडे पडतील. कोयत्यासारखी धार सुरीला लावली, तर टोमॅटो चिरण्याऐवजी चेंगरेल.

आता अंश मोजायचे कसे? कंपासपेटी नको. पात्याची रुंदी बघा, म्हणजे धारेपासून पाठीपर्यंतचं अंतर. पातं दगडावर आडवं ठेवा, धार टेकलेली राहू द्या आणि पाठ उचला. रुंदीच्या पाव हिश्श्याइतकी उचलली की जवळजवळ 15 अंश, तिसऱ्या हिश्श्याइतकी उचलली की 20च्या आसपास, निम्मी उचलली की 30. सुरी 3 सेंटीमीटर रुंद असेल तर 20 अंशांसाठी पाठ 1 सेंटीमीटर वर, साधारण करंगळीच्या जाडीइतकी. आम्हाला हीच रीत सगळ्यात सोपी वाटते.

दगड पाण्याने भिजवा, खाली ओलं फडकं घाला, म्हणजे तो सरकणार नाही. धारेच्या कडेला स्केचपेनची रेघ ओढा आणि चार हात फिरवा. रेघ वरच्या अंगाला पुसली, धारेशी राहिली, तर पाठ आणखी उचला. फक्त अगदी टोकाला पुसली, तर थोडी खाली घ्या. सगळी सारखी पुसली की हात जमला. एका बाजूने घासत राहिलं की पलीकडच्या बाजूला बारीक खरखर येते. पाठीकडून धारेकडे अलगद बोट नेऊन ती तपासा, धारेच्या लांबीवरून बोट कधीच फिरवू नका. खरखर टोकापासून मुठीपर्यंत लागली की बाजू बदला. शेवटी दोन्ही बाजूंनी हलका हात द्या, ती निघून जाते.

विळीचं पातं पाटाला ठोकलेलं, तिथे दगडच पात्यावर फिरवायचा, तिरपेपणा सुरीइतकाच. पुढच्या खवणीच्या दात्यांना दगड लावू नका. दात्यांच्या विळ्यालाही सपाट दगड नको, दाते झिजून जातात.

दारावर चाकवाला आला तर त्याच्याकडून करून घ्यायला हरकत नाही. पण पातं चाकावर फार वेळ दाबू देऊ नका, मधूनमधून पाण्यात बुडवायला सांगा. धार तापून निळी पडली की पोलादाचं पाणी उतरलं. मग ती धार टिकत नाही, तेवढा निळा भाग घासून काढावा लागतो.