शिवणीतली माया

कापड बेतताना शिवणारा खडूच्या रेषेबाहेर बोटभर जागा राखतो आणि मगच कात्री चालवतो. रेषेवर शिवण पडते. बाहेरचे कापड आत दडून राहते. पुढे मूल वाढले, अंग भरले, की शिवण उसवून वस्त्र सैल करता येते. या राखलेल्या कापडाला मराठीत ‘माया’ म्हणतात. स्वतःचे कपडे स्वतः शिवण्याची आयुष्यभराची आवड समजून घ्यायची तर आरंभ या शब्दापासूनच करावा.

ही आवड बहुधा बालपणी जडते. आईच्या मशीनखाली पडलेल्या चिंध्यांतून बाहुलीचा परकर होतो. मग तुरपाई, काज, हुक. पहिले खरे वस्त्र बहुधा झबले, कारण त्याच्या शिवणी सरळ आणि माप सैल. खरी परीक्षा ब्लाउजची. मुंढ्याचा गोल, टक्सचा उतार, बाहीची पुढची-मागची बाजू यांपैकी एक जरी चुकले तरी सारे उसवावे लागते. सुती कापड आधी भिजवून वाळवले नाही तर पहिल्याच धुण्यात ते आटते. उभा धागा न पाहता कापले तर वस्त्र अंगावर तिरके ओढले जाते. अशा चुकांतूनच हात तयार होतो.

घरोघरी या हाताला बळ दिले ते यंत्राने. 1846 साली अमेरिकेत इलियास होवे यांनी टोकाशी नेढे असलेल्या सुईच्या आणि दोन धाग्यांच्या टाक्याच्या यंत्राचे पेटंट घेतले. 1851 मध्ये आयझॅक सिंगर यांनी सुधारित यंत्र आणले आणि पुढे त्यांच्या कंपनीने ते हप्त्यांवर विकले. एकरकमी किंमत ज्यांना झेपत नव्हती, त्यांच्या उंबरठ्याआतही त्यामुळे यंत्र आले. भारतात 1930च्या दशकात कलकत्त्यात ‘उषा’ यंत्रे तयार होऊ लागली. यंत्रयुगाविषयी साशंक असलेल्या गांधीजींनीही 1924 साली एका संवादात शिलाई यंत्राला अपवाद मानले. त्यामागे त्यांना प्रेम दिसले होते. त्याआधीच रमाबाई रानडे यांच्या पुण्याच्या सेवासदनात स्त्रियांसाठी शिवणवर्ग भरू लागले होते. अनेक निराधार स्त्रियांना या कलेने मानाची भाकरी दिली.

आज मात्र अनेक घरांत मशीन आच्छादनाखाली कोपऱ्यात उभे असते. पेढीवर ठाणामागून ठाण उलगडले जाते. पन्हा, पोत, रंगाचा पक्केपणा यांची पारख पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली असते. पण त्याच घरातील मुलीला निसटलेले बटण लावण्यासाठी कोपऱ्यावरचे दुकान गाठावे लागते. कपाटे भरलेली असतात आणि घालण्याजोगे काही नाही ही तक्रारही कायम असते. तयार कपड्यांपैकी बहुतेकांत पुरेशी माया नसते. ते थोडे आखूड झाले की टाकावेच लागतात.

स्वतः शिवणारीचा व्यवहार निराळा असतो. आईच्या जुन्या मऊ साडीचे ती नातवंडासाठी झबले शिवते. उरलेल्या तुकड्यांची गोधडी होते, त्याहून लहान तुकड्यांची पिशवी. ज्या वस्त्रावर आपली दुपार खर्ची पडली ते सहज टाकवत नाही, म्हणून नवे घेण्याची घाईही होत नाही. गरजेपुरतेच ठेवावे, हा अपरिग्रहाचा पाठ तिला वेगळा शिकवावा लागत नाही. तो तिच्या हातात असतो.

उतारवयात सुईत दोरा ओवताना दृष्टी दगा देते. तेव्हा नात जवळ बसून दोरा ओवून देते, आणि तेवढ्यात शिवणीची दोन अक्षरे शिकते. ही घडी अनेक घरांत आता येईनाशी झाली आहे. सुटीतल्या एखाद्या दुपारी मशीनवरचे आच्छादन काढावे, बॉबिन भरावी, तेलाचे दोन थेंब सोडावेत आणि घरातल्या मुलाला वा मुलीला शेजारी बसवावे. पहिली शिवण वाकडी येईल. ती उसवता येते. माया मात्र कात्री चालण्यापूर्वीच राखावी लागते. कापड एकदा कापले की ती मागाहून जोडता येत नाही.