चौकोनातली खूण

दहावी झाल्यावर तुम्हांला अकरावीचा अर्ज भरावा लागेल. 2025 पासून महाराष्ट्रात सर्वत्र हे प्रवेश ऑनलाइन होतात. विद्यार्थी शहापूर तालुक्यातल्या सापगावचा असो की मुंबईचा, दोघांपुढे अर्ज संगणकाच्या पडद्यावरच येतो.

अशा अर्जांत काही ठिकाणी बारीक गोल दिसतात, तर काही ठिकाणी चौकोन. त्यांचे काम वेगवेगळे आहे. गोलांपैकी एकच निवडता येतो. दुसरा दाबला की पहिला आपोआप सुटतो. जुन्या मोटारींतल्या रेडिओची बटणे अशीच असत, म्हणून या गोलांना ‘रेडिओ बटण’ म्हणतात. चौकोनाला ‘चेकबॉक्स’ हे नाव आहे. ‘तुम्हांला कोणत्या भाषा येतात?’ या प्रश्नाखाली उर्दू, मराठी, हिंदी असे चौकोन असतील, तर तिन्हींत खूण करा, एकात करा किंवा एकातही करू नका. मराठी अर्जात चौकोन शब्दाच्या डावीकडे असतो. उर्दू उजवीकडून वाचतात, म्हणून उर्दू अर्जात तो उजवीकडे येतो.

खरी अडचण रिकाम्या चौकोनाची आहे. अर्ज पाठवला की खूण केलेल्या चौकोनाची माहिती पुढे जाते. रिकाम्या चौकोनाची सहसा काहीच जात नाही. समजा, ‘वसतिगृह हवे आहे’ असा चौकोन आहे. सलमाला वसतिगृह हवे होते, पण घाईत तिचे लक्ष गेले नाही. तिला ते नको होते की ती विसरली, हे संगणकाला कसे कळावे? म्हणून जाणते लोक अशा प्रश्नाला ‘हो’ आणि ‘नाही’ असे दोन गोल ठेवतात.

कधी उलटही घडते. खूण आधीच केलेली असते! विमानाच्या तिकिटाबरोबर न मागता विमा जोडला जातो, तो असाच. केंद्र सरकारच्या 2023 च्या मार्गदर्शक सूचनांनी अशा प्रकारांना मनाई केली आहे. आधीच केलेली खूण म्हणजे संमती नव्हे, असा निकाल युरोपीय संघाच्या न्यायालयानेही 2019 मध्ये दिला.

अर्जाच्या शेवटी बहुधा एक एकटाच चौकोन असतो : ‘वरील माहिती खरी आहे.’ ही खूण सहीसारखीच समजा. सायबर कॅफेत अर्ज भरून देणारा माणूस नेमका हाच चौकोन सर्वांत घाईने दाबतो. त्याला थांबवा. आपले नाव, जन्मतारीख, गुण पुन्हा वाचा आणि ती खूण स्वतःच्या हाताने करा.