चारी चाकांचें गणित

खेड्यांतील लोहारास बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धांव चढवितांना ज्यांनीं लक्षपूर्वक पाहिलें असेल, त्यांच्या ध्यानांत एक गोष्ट आलीच असेल. भट्टी पेटविण्यापूर्वीं तो लांकडी चाकाचा परीघ मापून घेतो. नंतर धांव त्या मापाहून किंचित् लहान करतो, ती तापवून फुगवितो, चाकावर बसवितो आणि पाण्यानें निववितो. निवतांच धांव आकसते व चाकास घट्ट आवळून धरते. माप चुकलें तर ती एक तर बसत नाहीं, किंवा बसली तरी वाटेंत निखळते. सारांश, चाकाच्या विद्येंत माप हें पहिलें आणि रूप हें मागाहून.

ही जुनी गोष्ट सांगण्याचें कारण असें कीं, आपल्या नागापूर परिसरांत व अहिल्यानगर शहरांत मोटारीचीं मूळचीं चाकें काढून बाजारांतून आणलेलीं मोठीं चाकें बसविण्याची हौस आतां दृष्टीस पडूं लागली आहे. ज्या गाड्यांचीं चारही चाकें एंजिनाच्या जोरानें फिरतात, अशा जीपच्या जातीच्या गाड्यांवर ही हौस विशेष. गाडी उंच व रुबाबदार दिसते. मग वडिलांनीं घेतलेल्या गाडीसही तसें रूप यावें, असा मुलांचा आग्रह सुरू होतो. हौस वाईट आहे, असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु ती पुरविण्यापूर्वीं चाकाचें गणित मुलांनीं मांडावें व पालकांनीं तें तपासावें, एवढ्यासाठीं हा लेख.

प्रथम टायरवरील अंक वाचावयास शिकूं. नाशिक येथें तयार होणाऱ्या महिंद्र थार ह्या गाडीचें उदाहरण घेऊं. २ ऑक्टोबर २०२० रोजीं तिची दुसरी आवृत्ति बाजारांत आली. तींतील कांहीं गाड्यांवर '२५५/६५ आर १८' या मापाचे टायर होते. येथें २५५ ही टायरची रुंदी मिलिमीटरांत दिली आहे. ६५ म्हणजे टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या शेंकडा ६५, म्हणजे सुमारें १६६ मिलिमीटर. 'आर' हें अक्षर रेडियल बांधणीचें. १८ हा लोखंडी किंवा अलॉयच्या रिंगेचा व्यास इंचांत. एक इंच २५.४ मिलिमीटरांचा, तेव्हां रिंगेचा व्यास ४५७ मिलिमीटर. त्यांत भिंतीची उंची वर एकदां व खालीं एकदां, अशी दोनदां मिळविली कीं संपूर्ण चाकाचा व्यास सुमारें ७८९ मिलिमीटर येतो. त्यास ३.१४१६ नें गुणिलें म्हणजे परीघ सुमारें २.४८ मीटर झाला. हें चाक एक किलोमीटर जाण्यास सुमारें ४०४ फेरे घेईल. हायस्कुलांतील कोणाही मुलास सुटण्याजोगें हें गणित आहे.

आतां 'मोठें चाक' या शब्दांचे दोन अर्थ होतात, आणि पुष्कळसा घोंटाळा येथेंच होतो.

पहिला अर्थ असा कीं, रिंग मोठी घ्यावयाची, पण चाकाचा बाहेरचा व्यास होता तोच ठेवावयाचा. वरील गाडीस २५५/५५ आर २० हा टायर घेतला तर रिंग ५०८ मिलिमीटरांची होते, भिंत १४० मिलिमीटरांची होते, आणि एकूण व्यास पुन्हा सुमारें ७८९ च भरतो. गणित मोडलें नाहीं. परंतु टायरची भिंत २६ मिलिमीटरांनीं बुटकी झाली. ही भिंत म्हणजे हवेची उशी होय. ती पातळ झाली कीं खड्ड्याचा आघात रिंगेस जाऊन भिडतो. रिंग वांकते किंवा तीस चीर पडते, आणि टायरच्या भिंतीस आंतून फुगा येतो. असा फुगा आलेला टायर केव्हां फुटेल याचा नेम नसतो. गुळगुळीत रस्त्यांच्या देशांत जी हौस खपून जाते, ती आपल्याकडे एका पावसाळ्यांत महाग पडते.

दुसरा अर्थ असा कीं, चाकाचा बाहेरचा व्यासच वाढवावयाचा. त्याच १८ इंची रिंगेवर २८५/६५ मापाचा टायर चढविला तर व्यास सुमारें ८२८ मिलिमीटर होतो, परीघ २.६० मीटर, आणि किलोमीटरास फेरे ४०४ ऐवजीं ३८५. गाडी जमिनीपासून सुमारें वीस मिलिमीटर उंच झाली, हा लाभ खरा. खडकाळ वाटेवर व नदीनाल्याच्या उतारावर त्याचा उपयोग आहे, हेंही खरें. परंतु परीघ शेंकडा पांच वाढला, आणि गाडीचीं बाकीचीं अंगें मात्र जुन्याच मापाचीं राहिलीं.

त्यांतील पहिलें अंग वेगदर्शक. तो रस्ता मोजीत नाहीं. तो फेरे मोजतो आणि कारखान्यांत ठरविलेल्या परिघानें त्यांस गुणितो. परीघ शेंकडा पांच वाढला कीं कांटा ८० वर असतां तोच हिशेब ८४ किलोमीटरांचा होतो. कारखान्यांतून येतांना वेगदर्शक सहसा खऱ्या वेगाहून किंचित् अधिक दाखवील असाच ठेवलेला असतो. ती राखीव सावधगिरी आपण चाकापायीं खर्चून टाकतों. खोट्या तराजूचा धिक्कार नीतिसूत्रांत केलेला आहे. खोटा वेग दाखविणारें यंत्र हेंही खोटें मापच. फरक इतकाच कीं येथें फसणारें गिऱ्हाईक आपण स्वतःच असतों. अंतर मोजणारा आंकडाही असाच मागें राहतो, आणि तेल बदलण्याची वेळ टळून गेलेली कळत नाहीं.

दुसरें अंग ब्रेक. ब्रेकची पकड आंसाजवळ असते, आणि रस्त्याशीं झगडा चाकाच्या कडेस होतो. तरफेचा नियम ज्यांनीं शिकला आहे त्यांस हें सहज उमजेल कीं, त्रिज्या शेंकडा पांच वाढली म्हणजे पायाच्या त्याच दाबानें रस्त्यावर मिळणारा रोध तितकाच कमी होतो. याच नियमानें चढावावर एंजिनाची ओढही कमी पडते. इकडे ८० च्या जागीं ८४ चा वेग धरला तर गाडीची गतिज शक्ति शेंकडा दहा अधिक होते, कारण ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. म्हणजे थांबवावयाचें ओझें वाढलें आणि थांबविणारा हात दुबळा झाला.

तिसरें अंग वजन. मोठा टायर बहुधा जडही असतो. गाडींत ठेवलेला एक किलो भार गाडीबरोबर पुढें सरकतो एवढेंच. परंतु चाकाच्या कडेवरील एक किलो पुढेंही सरकतो आणि गरगर फिरतोही. त्यास गति देण्यास व थांबविण्यास जवळजवळ दुप्पट शक्ति लागते. शिवाय हें वजन स्प्रिंगांच्या खालीं असल्यामुळें प्रत्येक खड्ड्यांत चाक अधिक जोरानें आदळतें, आणि त्याचा भार बेअरिंग व स्टिअरिंगचे सांधे सोसतात.

हे सर्व दोष कोणत्याही मोटारीस लागू आहेत. चारी चाकांवर चालणाऱ्या गाडीचा खास प्रश्न पुढेंच आहे. वळणावर गाडीचीं चार चाकें चार निरनिराळ्या वाटांनीं जातात. बाहेरच्या बाजूच्या चाकास लांबचा पल्ला पडतो, आंतल्यास जवळचा. आणि पुढील चाकें मागील चाकांहून अधिक चालतात. एकाच आंसावरील दोन चाकांचा हा फरक सोसण्यासाठीं डिफरन्शिअल नांवाची दांत्यांची पेटी असते. ती जोर दोहोंकडे पोंचविते, पण दोघांनीं सारखेच फेरे घ्यावे असा हट्ट धरीत नाहीं. ज्या गाड्या नेहमींच चारी चाकांवर चालतात, त्यांत पुढील व मागील आंसांच्या मध्यें तिसरें डिफरन्शिअल किंवा तत्सम जोडणी असते. थारसारख्या गाडींत ही मधली सोय नसते. चालकानें दांडी ओढून चारी चाकें लावलीं कीं पुढचा व मागचा आंस एकमेकांस जखडले जातात, आणि दोहोंस सारखेच फेरे घ्यावे लागतात. चिखलांत किंवा वाळूंत चाक थोडें घसरून हिशेब पुरा करतें. कोरड्या डांबरावर तें सहजीं घसरत नाहीं. म्हणून तेथें अशी गाडी चारी चाकांवर चालवूं नये.

आतां समजा, पैसे वांचविण्यासाठीं कोणी मागें दोनच मोठे टायर बसविले. पुढचीं चाकें किलोमीटरास ४०४ फेरे मागतात, मागचीं ३८५. आंस जखडले असतां हा एकोणीस फेऱ्यांचा झगडा सरळ रस्त्यावरही मिटत नाहीं; तो दांत्यांत, शाफ्टांत व टायरच्या रबरांत झिजून निघतो. ज्या गाडींत मधली जोडणी असते, तेथेंही तिला क्षणभर विसांवा मिळत नाहीं, ती तापते व लौकर निकामी होते. माप एकच असलें तरी दोन टायर नवे व दोन झिजलेले असतां हाच दोष लहान प्रमाणांत उद्भवतो. नव्याची नक्षी ८ मिलिमीटर खोल व जुन्याची ३ उरली असेल तर व्यासांत १० मिलिमीटरांचा फरक पडतो. म्हणजे किलोमीटरास सुमारें पांच फेरे. यास्तव अशा गाडीचे चारही टायर एका मापाचे, एका जातीचे व सारख्या झिजेचे असावेत, आणि पांचवी स्टेपनीही त्याच मापाची असावी. स्टेपनी हा शब्द वेल्समधील लानेली गांवच्या स्टेपनी रस्त्यावरून आला. तेथें १९०४ च्या सुमारास असें जादा चाक प्रथम विक्रीस निघालें. चारी चाकें बदलून स्टेपनी मात्र जुनी ठेवली, तर पंक्चरच्या दिवशीं वरील सर्व गणित आड येतें.

कायद्याची बाजूही पालकांनीं जाणून घ्यावी. मोटार वाहन कायदा, १९८८, याच्या ५२ व्या कलमान्वयें निर्मात्यानें मूळ ठरविलेल्या तपशिलाशीं विसंगत होईल असा फेरबदल मालकानें गाडींत करूं नये. जानेवारी २०१९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानेंही हाच अर्थ स्पष्ट केला. ही केवळ सरकारी अडवणूक नव्हे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९, यांतील १२६ व्या नियमांत, गाडीचा नमुना ज्या संस्थांकडे तपासणीस द्यावयाचा त्यांचीं नांवें आहेत. त्यांत पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनबरोबर आपल्याच शहराजवळील, संरक्षण खात्याच्या व्ही. आर. डी. ई. ह्या वाहन संशोधन संस्थेचें नांव आहे. तपासणी झाली ती त्या चाकांसह झाली. चाक बदललें कीं ती साक्ष आपल्या गाडीस लागू राहत नाहीं. अपघातानंतर न कळविलेला फेरबदल उघडकीस आला, तर विम्याच्या भरपाईचाही वाद उभा राहतो.

मग चाकें बदलूंच नयेत काय? बदलावीं, पण मर्यादेंत. त्याच गाडीच्या दुसऱ्या प्रकारावर निर्मात्यानें स्वतः दिलेलें माप घ्यावें, हा निर्धोक मार्ग. ड्रायव्हरच्या दाराजवळील खांबावर टायरचें माप व हवेचा दाब लिहिलेला असतो; तो आधीं वाचावा. मापापुढील भारांक मूळच्याहून कमी नसावा. भारांक १०० म्हणजे एका टायरवर ८०० किलो. रिंगेचें मधलें भोंक व नटांची बैठक गाडीशीं तंतोतंत जुळावी. रिंग मडगार्डाच्या बाहेर येणारी नसावी, कारण तशा चाकानें उडविलेला खडा मागून येणाऱ्या सायकलवाल्याच्या डोळ्यांत जातो. चाकें बसविल्यावर घरचीं सर्व माणसें गाडींत बसवून स्टिअरिंग दोन्ही बाजूंस पूर्ण फिरवून पाहावें. कोठेंही घासतां कामा नये. शंभर-एक किलोमीटर गेल्यावर नट पुन्हा आवळून घ्यावे.

मनमाडच्या रस्त्यावर कारखान्यांची पाळी सुटते त्या वेळीं सायकली, मोटारसायकली, मालट्रक व उंसाचे ट्रॅक्टर एकाच पट्टींत दाटतात. तेथें गाडी कोठें थांबते हें तिच्या रूपावर नव्हे, तर परीघ, त्रिज्या व वजन यांवर अवलंबून असतें. आणि तिच्यापुढें चालणाऱ्या माणसानें आमच्या हौसेस संमति दिलेली नसते.

विद्यार्थ्यांनीं सुटींत एक प्रयोग करावा. सपाट अंगणांत, वडील माणूस ब्रेकवर बसलें असतां, टायरच्या तळाशीं व जमिनीवर खडूची खूण करावी. गाडी हळूहळू ढकलीत ती खूण पुन्हा खालीं येईपर्यंत न्यावी व दोन खुणांमधील अंतर टेपानें मोजावें. तें गणितानें काढलेल्या परिघाहून किंचित् कमी भरेल. कारण ओझ्यानें टायर तळाशीं चपटा होतो. चारही चाकांचें असें माप घेऊन वहींत शेजारीं शेजारीं मांडावें. आंकडे जुळले नाहींत, तर नव्या चाकांची गोष्ट काढण्याआधीं वही वडिलांपुढें ठेवावी.