नकाशाला भोकं कुणी पाडली?

संगणकावर नकाशा उघडलाय, पण उंदरांनी कुरतडल्यासारखी त्याला भोकं पडलीत. तीही चौकोनी! रस्ता मजेत चालला होता, तो मध्येच एका कोऱ्या चौकोनात गडप.

जपानच्या एनटीटी कम्युनिकेशन्स कंपनीतले शिन मियाकावा यांनी ही भोकं मुद्दाम पाडली होती. संगणकाला एका वेळी फक्त तीसच कनेक्शनं दिली, तेव्हा नकाशा ठीक दिसला. मग आकडा कमी करत करत पाचवर आणला. तशी भोकं वाढतच गेली.

त्याचं असं आहे, की असा नकाशा म्हणजे एक अख्खं चित्र नसतं. घरातल्या फरश्यांसारखे छोटे छोटे चौकोन शेजारी शेजारी बसवलेले असतात. ते पटापट यावेत म्हणून संगणक एकाच वेळी बरीच कनेक्शनं उघडतो. ती मिळाली नाहीत, की तेवढ्या फरश्या येत नाहीत.

पण कनेक्शनं मोजूनमापून द्यायचीच कशाला? त्यासाठी देवळाबाहेरच्या चप्पल स्टँडवर जाऊ या.

तिथले काका चपला घेतात आणि हातावर बिल्ला ठेवतात. परत येताना बिल्ला दाखवला, की आपलीच चप्पल मिळते. बिल्लाच नसेल, तर हजार काळ्या चपलांतून तुमची कोणती, हे काका कसं ओळखणार?

मोबाइल कंपनीकडेही असे एक 'काका' आहेत. ते यंत्र आहेत आणि त्यांचं नाव जरा भारदस्त आहे : कॅरियर ग्रेड नॅट. इंटरनेटचे जुन्या पद्धतीचे पत्ते आहेत साधारण ४२९ कोटी. जगात माणसंच ८०० कोटींहून जास्त, त्यात एकेकाकडे फोन, संगणक, टीव्ही! पत्त्यांचा जागतिक साठा ३ फेब्रुवारी २०११ रोजी संपलासुद्धा. म्हणून कंपनी बऱ्याच फोनना मिळून एकच पत्ता देते. बाहेरून आलेलं उत्तर नेमकं कुणाचं, हे कळायला प्रत्येक कनेक्शनला एक बिल्ला लागतो. या बिल्ल्याला म्हणतात पोर्ट क्रमांक.

आणि बिल्ले मोजकेच. एका पत्त्यामागे ० पासून ६५,५३५ पर्यंत. पहिले १,०२४ बाजूला ठेवले, तर उरले ६४,५१२. प्रत्येक फोनला हजार दिले, की ६४ फोनमध्ये खेळ खलास! आता अशी वाटणीच केली नाही, आणि एखाद्या फोनमध्ये व्हायरस शिरून तो दिसेल त्या दारावर थापा मारत सुटला, तर सगळे बिल्ले एकटाच पटकावेल. उरलेले ६३ जण चपला हातात घेऊन उभे! म्हणून तर माणशी मर्यादा. २०१३ साली इंटरनेटचे नियम लिहिणाऱ्या अभियंत्यांनी 'आरएफसी ६८८८' मध्ये लिहूनच टाकलं : दर ग्राहकाला किती पोर्ट द्यायचे, यावर मर्यादा घालण्याची सोय या यंत्रात असलीच पाहिजे.

मामाच्या हॉटस्पॉटवर सात मावसभावंडं बसली, तर काकांच्या लेखी ते सगळे मिळून एकच गिऱ्हाईक, बरं का! मग इंटरनेटचा वेग भरपूर असला, तरी बिल्ले संपले की कुणाचं तरी पान अर्धवट उघडणार, आणि सगळे मिळून बिचाऱ्या मामालाच बोलणार.

काका थोडे कडकही आहेत. बराच वेळ कनेक्शनवर काही हालचाल दिसली नाही, की बिल्ला परत घेतात. म्हणून काही ॲप मधूनमधून रिकामाच छोटासा निरोप पाठवतात : "काका, आहे हं मी अजून!"

यावर खरा उपाय म्हणजे पत्तेच वाढवणं. आयपीव्ही ६ या नव्या पद्धतीत पत्त्यांची संख्याच मुळी ३९ अंकी आहे! तिथे पत्ता वाटून घ्यायची गरज नाही, म्हणून त्यासाठी काकाही नकोत.

आता एक उद्योग. घरातल्या मोठ्यांना विचारून फोनचं वाय-फाय बंद करा, मोबाइल डेटा चालू करा आणि सेटिंग्जमध्ये आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटचा पत्ता, शोधा. तो १० ने सुरू होतोय? किंवा १०० ने, आणि पुढचा आकडा ६४ ते १२७ मधला आहे? मग तुमचा फोन काकांच्या स्टँडवर उभा आहे. त्याच्याच जवळ आकडे आणि इंग्रजी अक्षरांची लांबलचक आगगाडी दिसली, तर नवा पत्ताही मिळालाय!