मासा मेला नव्हता, झोपला होता

आमच्या घरात पहाटे सर्वांत आधी दादी उठतात. त्या दिवशी त्यांनी हॉलमधला दिवा लावला आणि हाक मारली, "अरे, तुमचा तो पट्ट्यांचा मासा गेला बघा!" आम्ही डोळे चोळत आलो. फिशटँकच्या तळाशी, दगडाला टेकून, आमचा नारिंगी-काळा क्लाउन लोच चक्क एका कुशीवर पडला होता. धाकटीच्या डोळ्यांत पाणी उभे राहिले. आम्ही छोट्या जाळीने त्याला खालून उचलले मात्र, तो ताडकन उसळला आणि दगडाआड जाऊन बसला. दादी हसू लागल्या. "मेला कुठला, झोपमोड केली आपण त्याची!"

वाचकहो, दादींचेच बरोबर होते. क्लाउन लोचची ही सवय मासे पाळणाऱ्यांना चांगली माहीत आहे. आम्हालाच नव्हती.

माशांना बहुधा पापण्या नसतात. त्यामुळे ते डोळे मिटत नाहीत, आणि आपण समजतो की ते झोपतच नाहीत. पण झोप ओळखायला डोळे कशाला हवेत? मासा एका जागी स्थिर होतो, अंगाची ठेवण बदलते, कल्ल्यांची उघडझाप मंदावते आणि जवळ काही हलले तरी तो लवकर दखल घेत नाही. गोल्डफिश तळाजवळ तोंड किंचित खाली करून तरंगत राहतो. निऑन टेट्राचा चमकदार पट्टा रात्री फिका पडतो. फायटर तर पानावर अंग टाकतो, आपण चटईवर टाकतो तसे.

शास्त्रज्ञांनी याचा पुष्कळसा अभ्यास झेब्राफिशवर केला आहे. हा मासा आपल्याच उपखंडातला, ओढ्यांत आणि भातखाचरांत राहणारा, जेमतेम चार सेंटिमीटरचा. त्याला रात्रभर त्रास देऊन जागे ठेवले, तर पुढे तो जास्त झोपतो. रात्रपाळी करून आलेल्या माणसासारखेच! या माशाची पिले पारदर्शक असतात, म्हणून त्यांचा मेंदू बाहेरूनच पाहता येतो. 2019 साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी तो झोपेत पाहिला, तेव्हा आपल्या गाढ झोपेशी आणि स्वप्नांच्या झोपेशी मिळत्याजुळत्या दोन अवस्था आढळल्या. मासा स्वप्न पाहतो का, हा प्रश्न आमच्या धाकटीने लगेच विचारला. त्याचे उत्तर मासाच देऊ शकेल.

समुद्रात तर झोपेच्या एकेक तऱ्हा. प्रवाळांत राहणारे काही पोपटमासे रात्री कल्ल्यांजवळच्या ग्रंथींतून चिकट द्रव सोडून स्वतःभोवती पारदर्शक कोष विणतात. जणू मच्छरदाणीच! ही उपमा आम्ही उगीच दिलेली नाही. रक्त पिणारे बारीक किडे रात्री माशांना चिकटतात. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात कोष काढून घेतलेल्या माशांवर या किड्यांचा हल्ला कितीतरी जास्त झाला. काही मासे वाळूत गाडून घेऊन झोपतात. उलट कुपा, म्हणजे ट्यूना, याला थांबण्याची सोयच नाही. पोहत राहिला तरच त्याच्या कल्ल्यांतून पुरेसे पाणी वाहते आणि श्वास चालतो. त्याची विश्रांती पोहता पोहताच.

आता घरच्या फिशटँककडे वळू. आमच्याकडे तो निळा दिवा रात्रभर जळत असे. पाहुण्यांना आवडायचा, आणि मुलांनाही रात्री पाणी प्यायला उठल्यावर उजेड मिळायचा. सतत उजेडात ठेवलेला झेब्राफिश नीट झोपत नाही, हे वाचल्यावर आम्हाला ओशाळल्यासारखे झाले. आता रात्री दहाला दिवा बंद होतो; दिवसाकाठी आठ-दहा तासांचा उजेड पुरतो. हवेचा पंप मात्र चालूच ठेवावा, कारण अंधारात पाणवनस्पतीही ऑक्सिजन वापरतात. सकाळी टँकचा दिवा एकदम लावू नये, आधी खिडकी उघडावी. दचकलेला मासा काचेवर आदळतो. काचेवर टिचक्या मारू नयेत, हे तर पाहुण्यांच्या मुलांनाही सांगावे.

आणि मासा तळाशी आडवा दिसला, तर घाई करू नये. कल्ले हलतात का ते मिनिटभर शांतपणे पाहावे. श्वास जोरात चालला असेल, पर मिटलेले असतील किंवा दिवसभर तो तसाच पडून असेल, तर पाणी बदलायला हवे किंवा तो आजारी आहे असे समजावे.

हे सारे आम्ही धाकटीला सांगत होतो. ती लक्ष देऊन ऐकत होती. मग तिने विचारले, "अम्मी, मागच्या वर्षी आपण कुंडीत पुरला, तो मासा? त्याचे कल्ले पाहिले होते का कुणी?"

दादींनी आमच्याकडे पाहिले. आम्ही पाहिले नव्हते.